उन्हाळ्यातील सहली आणि दिवाळीची रजा



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी की आम्ही नव्या कामगार संहितांवर बोलू. संघटनेचा माणूस म्हटला की तो एक तर कलमे वाचून दाखवणार, नाही तर मालकवर्गावर आग पाखडणार, असे लोक धरूनच चालतात. आम्ही विषय कळवला तो उन्हाळ्यातील सहलींचा. चालकांपैकी एका वयस्कर गृहस्थांनी फोनवर हळूच विचारले, "विषय नक्की हाच ना?" हाच आहे. कलमेही थोडी येतील. ती टाळून आम्हाला बोलता येत नाही, त्याला इलाज नाही.

कामगाराच्या आयुष्यात सुट्टी दोन प्रकारची असते. एक आठवड्याची आणि दुसरी वर्षाची पगारी रजा. आठवड्याच्या सुट्टीत तो झोप भरून काढतो, दळण आणतो, दवाखान्यात जातो, आणि उरलेल्या वेळात मुलांवर ओरडतो. वर्षाची रजा मात्र त्याची नसतेच. ती गावाची असते. पेरणी, भावाबहिणींची लग्ने, मयत, आणि सर्वांत मोठी म्हणजे दिवाळी. वर्षभर एकेक दिवस साठवायचा आणि आश्विन-कार्तिकात तो गावाला नेऊन द्यायचा. यात आम्हाला वाईट काही दिसत नाही. मुंबईचा गिरणी कामगार १९८२ च्या संपात जो इतके दिवस टिकला, तो बराचसा गावाकडच्या भाकरीवर टिकला. गाव तुटले असते तर संप दोन महिन्यांत मोडला असता. परंतु वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांपैकी बायकामुलांसह मोकळेपणी घालवावेत असे आपल्या वाट्याला किती दिवस येतात, हा हिशेब कोणी फारसा मांडत नाही. आम्ही तो मांडून पाहिला. उत्तर फार लहान आले.

वास्तविक हे दिवस कोणी मेहेरबानीने दिलेले नाहीत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली, तेव्हा आठवड्यातून एक दिवस सुट्टी ही त्यांची मुख्य मागणी होती. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, आणि तीत दोन कामगार स्त्रिया बोलल्या. त्या वर्षीच्या १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पगारी रजेला आणखी अर्धे शतक लागले. फ्रान्समधील कामगारांनी १९३६ साली कारखान्यांत ठाण मांडून दोन आठवड्यांची पगारी रजा मिळवली, आणि त्या उन्हाळ्यात हजारो कुटुंबांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस भरणाऱ्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस, म्हणजे निदान बारा दिवस, पगारी रजा दिली.

आता या २४० आकड्याची गंमत पाहा. आपल्या पट्ट्यातील कंत्राटी मुलांना विचारा. सात महिने होतात, साडेसात होतात, आणि मग एके दिवशी हजेरीवरून नाव कमी होते. याला ते 'ब्रेक' म्हणतात. काही दिवसांनी तोच मुलगा, त्याच यंत्रावर, नव्या नेमणुकीने उभा राहतो, आणि रजेचा हिशेब पुन्हा शून्यापासून. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत २४० च्या जागी १८० दिवस आले आहेत. ही सुधारणा आम्ही नाकारत नाही. त्या संहितांतील पुष्कळ गोष्टींना आमचा विरोध आहे, पण जे बरे आहे त्याला बरे म्हटले पाहिजे. आता ब्रेक पाचव्या महिन्यात येऊ लागतो की काय, एवढेच पाहायचे.

सहलींकडे वळतो. सहली उन्हाळ्यातच का, असे आम्हाला विचारतात. हवा तर पावसाळ्यात चांगली असते, भाज्याचे धबधबेही तेव्हाच असतात. त्याचे कारण निसर्गात नाही, कारखान्यात आहे. पिंपरी-चिंचवड-भोसरी भागात कित्येक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेच्या तुटवड्याच्या काळात भागाभागांना वेगवेगळे वार वाटून दिले गेले, तीच वहिवाट पुढे चालली. शाळेची सुट्टी रविवारी, बापाची गुरुवारी. एकाच घरातल्या माणसांचे वार जुळत नाहीत. ते जुळतात फक्त मे महिन्यात, शाळा बंद असतात तेव्हा. म्हणून आमच्या सहली भर उन्हाच्या. ज्यांना हवा पाहून सहल काढता येते त्यांनी आम्हाला हसावे.

२०२५ साली योग चांगला आला. १ मे हाच गुरुवार होता. झेंडावंदन करून आम्ही सकाळच्या लोकलने निघालो आणि घोरवडेश्वराच्या डोंगरावर गेलो. आपल्यापैकी पुष्कळांनी हा डोंगर महाशिवरात्रीच्या यात्रेत चढलेला असेल. बेगडेवाडी आणि घोरावाडी या दोन्ही स्थानकांवरून तो जवळ. वर लेण्यात महादेवाची पिंड आहे, आणि तुकोबा या डोंगरावर येऊन बसत असत असे लोक मानतात. परंतु लेणी मूळची बौद्ध भिक्षूंची. तिथे दगडात एक लेख आहे. धेनुकाकट गावी राहणारा उसभणक नावाचा एक कुणबी होता, धंद्याने नांगरट्या. त्याच्या बायकोने आपला मुलगा नंद याच्यासह हे लेणे दान दिले, असा त्याचा अर्थ. दीड हजार वर्षांहून जुनी गोष्ट. आम्ही हे सांगितले तेव्हा परांड्याकडची एक बाई पदराने घाम पुसत म्हणाली, "म्हणजे राजानं न्हवं? नांगर धरणाराच्या बायकूनं?" आम्ही होय म्हणालो. ती बराच वेळ त्या भिंतीकडे पाहत उभी होती. मुले तोवर डोंगराच्या कडेला जाऊन गहुंज्याचे क्रिकेटचे मैदान शोधत होती.

दुसऱ्या गुरुवारी, ८ मेला, कार्ले. सीमेवर चकमकी चालू होत्या, लोकलमध्ये जो तो मोबाइलवर बातम्या पाहत होता, सहल रद्द करावी असेही दोघा-तिघांचे म्हणणे पडले. शेवटी गेलो. एकवीरा आईच्या पायऱ्यांवर गर्दी होती; देवीला जाणारे पुष्कळ जण चैत्याकडे नुसती नजर टाकून पुढे जातात. आम्ही आधी चैत्यात थांबलो, मग देवीला गेलो. छताच्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षे आपापल्या जागी आहेत, हे पाहून आमच्यातले एक पॅटर्नमेकर वर मान करून उभे राहिले ते हलेनात. त्यांना आम्ही दारावरचा लेख सांगितला. धेनुकाकटचाच एक सुतार, वेणुवासाचा मुलगा सामी, याने हे दार घडवले. दुसरा एक लेख गंध विकणाऱ्या सिंहदत्ताचा. पॅटर्नमेकर म्हणाले, "आमच्या नावाची पाटी कुठं लागलीय का आजवर?" त्यावर कोणी काही बोलले नाही.

हे लेख आम्हाला दामोदर धर्मानंद कोसंबींमुळे कळले. कोसंबी पुण्याहून डेक्कन क्वीनने रोज मुंबईला संशोधन संस्थेत जात, आणि सुट्टीत या डोंगरांतून पायी हिंडत. धेनुकाकट हे गाव कार्ल्याच्या परिसरातच असले पाहिजे असे त्यांनी मांडले. त्यांची इंग्रजी पुस्तके आम्ही शब्दकोश उशाला ठेवून, पाळी संपल्यावर वाचली. एकेका पानाला एकेक रात्र लागली. इतका मोठा गणिती सुट्टीच्या दिवशी गुराख्यांशी आणि शेतकऱ्यांशी बोलत फिरतो आणि त्यातून इतिहास लिहितो, ही गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली. सहलीला आम्ही नुसते जेवायला जात नाही, थोडे पाहायला जातो, ते त्यांच्यामुळे. जेवायला जातोच, हेही सांगतो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि स्टेशनाबाहेर बायका पानाच्या द्रोणात करवंदे घेऊन बसतात ती.

तिसरी सहल १५ मेला, इंद्रायणीवर कुंडमळ्याला. काळ्या पाषाणात नदीने कोरलेले रांजणखळगे तिथे आहेत. नदीवर जुना लोखंडी पूल होता, अरुंद. आम्ही एकामागून एक असे पलीकडे गेलो. गुरुवार असल्यामुळे माणूस फारसे नव्हते. चौथी सहल झालीच नाही. त्या वर्षी वळवाने मेच्या विसाव्या तारखेपासून जो धुमाकूळ घातला तो थांबला नाही, आणि २६ मेला मोसमी पाऊस मुंबई-पुण्यात येऊन दाखल झाला. मुंबईत तो इतक्या लवकर आल्याची नोंदच नव्हती.

आमच्या सहलीनंतर बरोबर एक महिन्याने, १५ जूनला, तो पूल कोसळला. रविवार होता, दुसऱ्या दिवशी शाळा उघडायच्या होत्या. नदीला पाणी आलेले, आणि ते पाहायला शेकडो माणसे जमलेली. चार जण मृत्युमुखी पडले, पन्नासाहून अधिक जखमी झाले. पूल धोक्याचा आहे हे आधीपासून माहीत होते. नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच सूर ऐकू आला की लोकांना अक्कल नाही, पर्यटनाचे वेड लागले आहे, सेल्फी काढायला मरतात. आमच्या कानांवर हे गेटवरच्या चहाच्या टपरीपाशीही आले.

बंधूंनो, या बोलण्याचा आम्हाला राग येतो, आणि तो का येतो ते सांगतो. या पट्ट्यात लाखो माणसे कामाला आणून बसवली. त्यांना राहायला दहा बाय दहाची खोली. आठवड्यातून एक दिवस मोकळा. त्या दिवशी बायकामुलांना घेऊन, खिशाला परवडेल अशा ठिकाणी, ती कुठे जाणार? मावळातील टेकड्या पाहा. पवनेच्या काठाने, लोणावळ्याच्या बाजूने, कुंपणामागून कुंपण. आत बंगले, बाहेर 'खाजगी मालमत्ता' अशी पाटी. उरते काय, तर देवस्थान, लेणी आणि नदीचा घाट. मग तिथे गर्दी होते, आणि गर्दी झाली की शिव्या गर्दीला.

इंग्लंडात हा प्रश्न फार पूर्वी पडला. मँचेस्टरच्या आसपासच्या गिरण्यांतली आणि कारखान्यांतली तरुण मुले रविवारी डोंगरावर जायला निघत, तर डोंगर जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेले. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो मुले ठरवून किंडर स्काऊट नावाच्या डोंगरावर चढली. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ साली तिथे राष्ट्रीय उद्यानांचा आणि डोंगरावर जाण्याच्या हक्काचा कायदा झाला. लोखंड्यांच्या सभेचीही तारीख २४ एप्रिलच. हा निव्वळ योगायोग आहे, पण आम्हाला तो आवडतो.

आता शरद ऋतूकडे येतो. दरवर्षी दसरा झाला की गावी निघण्यापूर्वी आम्ही एक बैठक घेतो. उन्हाळ्यातील सहलींचा जमाखर्च वाचायचा, छायाचित्रे पाहायची, कोण कुठल्या गाडीने जाणार ते ठरवायचे. हा एरवी हसण्याखिदळण्याचा कार्यक्रम असतो. २०२५ साली ही बैठक ९ ऑक्टोबरच्या गुरुवारी झाली तेव्हा हसायला कोणी तयार नव्हते. सप्टेंबरच्या अखेरीस मराठवाड्यात जो पूर आला तो आपण वर्तमानपत्रांत वाचला असेल. धाराशिव, बीड, लातूर, इकडे सोलापुरात सीनेचा काठ. पीक तर गेलेच, कित्येक ठिकाणी माती गेली. सरकारने बैठकीच्या दोन दिवस आधी ३१ हजार ६२८ कोटींची मदत जाहीर केली होती. आमच्या सभासदांपैकी निम्मे त्याच भागातले.

सहलीच्या फंडात थोडी शिल्लक होती. सूचना आली की ती सगळी पूरग्रस्त सभासदांना वाटावी, आणि पुढच्या वर्षीची सहलीची वर्गणीही बंद करावी. सूचना मांडणारे गृहस्थ तीस वर्षे संघटनेत आहेत, लढ्यात कधी मागे हटले नाहीत. ते म्हणाले, "सहल ही चैन आहे. घर बुडालं असताना चैन शोभत नाही." सभा त्यांच्या बाजूची होती. आम्हालाही त्यावर चटकन उत्तर सुचले नाही.

तेव्हा ती परांड्याची बाई उठली. तिचा नवरा कंत्राटी, त्या महिन्यात ब्रेकवर होता. ती म्हणाली, "पैसे द्या. नको कोण म्हणतंय? पण सहल बंद करू नका. मी पोरांना गावाला नेणार, तर काय दावणार? खरवडलेलं रान दावणार. सासरा बांधावर बसलाय, त्यो दावणार. ते डोंगरावरचं लिव्हलेलं माझ्या पोरीच्या ध्यानात हाय. नांगरट्याच्या बायकूनं लेणं दिलं म्हणती. आमच्या नांगराला आता माती राहिली न्हाई. पोरीला म्या सांगितलंय, येत्या उन्हाळ्यात परत जाऊ बघायला. ते खोटं पाडू नका." एवढे बोलून ती बसली. सूचना मांडणाऱ्या वयस्कर सभासदांनीच मग दुरुस्ती सुचवली. शिल्लक सगळी द्यावी, वर्गणी मात्र चालू ठेवावी. ती एकमताने मंजूर झाली.

खरा पेच पैशांचा नव्हताच, रजेचा होता. पुरात गेलेले घर सावरायला चार दिवस पुरत नाहीत, आणि दिवाळीत तर सगळेच रजा मागतात. बिहारकडचा एक मुलगा होता, त्याला दिवाळीनंतर सहा दिवसांनी येणाऱ्या छठपर्यंत राहायचे होते. जाण्यायेण्यातच त्याचे चार दिवस जातात. रजा एकाची दुसऱ्याला देता येत नाही, कायद्यात तशी सोय नाही. शेवटी मावळ, खेड, जुन्नर या जवळच्या तालुक्यांतले जे कायम कामगार होते, त्यांनी तोड काढली. आपण दिवाळीत दोनच दिवस घरी जाऊ, बाकी पाळ्या आपण उचलू, म्हणजे लांबच्यांना सोडायला सुपरवायझरला कारण उरणार नाही. नावे लिहून यादी टाइम ऑफिसात दिली. ओव्हरटाइमला एरवी आम्ही विरोध करतो, पण त्या पंधरवड्यात केला नाही. कायम होते त्यांना पगारी रजा मिळाली. कंत्राटी होते ते बिनपगारी गेले. नवे कपडे फारसे कोणी नेले नाहीत. तांदूळ नेला, आपल्या मावळचा इंद्रायणी, आणि मुलांच्या जुन्या वह्या-पुस्तकांचे गठ्ठे, कारण गावाकडच्या मुलांची दप्तरे वाहून गेली होती. खाजगी बसवाल्यांनी भाडे सांगितले ते ऐकून एक जण खालीच उतरला. खाजगी गाडीने एस.टी.च्या दीडपटीहून जास्त भाडे घेऊ नये असे सरकारने २०१८ सालीच ठरवून दिले आहे. वल्लभनगरच्या स्थानकाबाहेर दिवाळीच्या आदल्या रात्री हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहावे.

परत आल्यावर माणसे गावाविषयी कमी बोलली. काहींनी सांगितले की यंदा आपण पाहुणे नव्हतो, मजूर होतो. दहा दिवस विहिरीतला गाळ काढला. परांड्याच्या त्या मुलीने मात्र आजोबांना घोरवडेश्वरचा लेख सांगितला म्हणे. आजोबांनी विचारले, त्या बाईचे रान किती होते? तिला सांगता आले नाही. तिने आम्हाला विचारले, आम्हालाही सांगता आले नाही, लेखात ते नाही.

यंदाच्या मागणीपत्रात आम्ही दोन कलमे नवी घातली आहेत. पहिले असे की ब्रेक देऊन पुन्हा घेतलेल्या कंत्राटी कामगाराचे आधीचे दिवस रजेच्या हिशेबात धरावेत. दुसरे असे की मे महिन्यात एका आठवड्याची सुट्टी गुरुवारऐवजी रविवारी द्यावी, म्हणजे ज्या घरात आई एका कारखान्यात आणि बाप दुसऱ्यात आहे त्यांनाही एक दिवस एकत्र मिळेल. दुसऱ्या कलमावर समोरचे साहेब हसले आणि त्यांनी ते मान्य करण्याची तयारी दाखवली. पहिल्यावर हसले नाहीत. बोलणी चालू आहेत.

यंदा १ मे शुक्रवारी येतो, म्हणून पहिली सहल आदल्या दिवशी, ३० एप्रिलच्या गुरुवारी ठेवली आहे. घोरवडेश्वरच पुन्हा, कारण तसे वचन दिलेले आहे. कुंडमळा यादीत नाही. त्याच्या जागी बेडसे धरले आहे, कामशेतला उतरून पवनानगरच्या रस्त्याने. पाणी प्रत्येकाने आपापले आणायचे.